चार्जर किती ते नको, किलोवॅट किती ते सांगा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

ईव्हीची, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची, बातमी आली की त्यात एक आकडा ठरलेला असतो, राज्यात आता एवढी चार्जिंग स्टेशनं झाली आणि अजून एवढी होणार. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणातही नॅशनल हायवेवर दर २५ किमीला एक स्टेशन असं म्हटलंय. अटल सेतूवर ईव्हीला टोलही माफ झाला, त्याबद्दल थँक्यूच आहे. पण गणपतीला ठाण्याहून रत्नागिरीला जायचं म्हणून रात्री जेवणं झाल्यावर आम्ही मोबाईल घेऊन बसतो तेव्हा स्टेशनं किती हे कोणी बघत नाही हो, तिथला चार्जर किती किलोवॅटचा, गन (गाडीला लावायच्या वायरी) किती आणि तो चालू तरी आहे का, एवढंच बघायचं असतं आणि नेमकं तेच कुठे धड लिहिलेलं नसतं.

खरी गोम किलोवॅटमध्ये आहे, जितके किलोवॅट जास्त तितकी गाडी लवकर भरते. समजा गाडीची बॅटरी ४५ युनिटची आहे आणि ती १० टक्क्यांवरून ८० वर न्यायची आहे, म्हणजे साधारण ३१-३२ युनिट भरायचे. हॉटेलवाल्याने १५ अँपियरचा सॉकेट दिला तर दहा तास, म्हणजे मुक्कामच. ७.२ किलोवॅटचा एसी (घरच्या विजेसारखा, हळू) चार्जर असेल तर साडेचार तास. ३० किलोवॅटच्या डीसी (फास्ट) चार्जरवर तास-सव्वा तास आणि ६० च्या डीसीवर गाडी तेवढं घेत असेल तर पाऊण तासात काम होतं. आता या सगळ्यांची गिनती 'एक स्टेशन' म्हणूनच होते! शिवाय बऱ्याच ठिकाणी ६० च्या चार्जरला दोन गन असतात, शेजारी दुसरी गाडी येऊन लागली की ६० चे दोघांत वाटून ३०-३० होतात आणि आपला सगळा हिशोब बसल्या जागी डबल. आणि १२० किलोवॅटचा बोर्ड बघून हुरळून जाण्यातही अर्थ नाही, गाडीच ५० घेणारी असेल तर ती ५० च घेणार.

८० टक्क्यांनंतर तर बॅटरी स्वतःच हात आखडता घेते. शेवटचे वीस टक्के भरायला आधीच्या सत्तरएवढा वेळ सुद्धा लागू शकतो. म्हणून एकदाच फुल्ल करण्यापेक्षा दोनदा थोडं थोडं भरलेलं बरं, घरून रात्री फुल्ल करून निघायचं, महाडला एकदा आणि लागलंच तर चिपळूणला एकदा. मागे लाईन लागलेली असताना ९६-९७ टक्के होईपर्यंत गाडी अडकवून मिसळ खायला गायब होणाऱ्यांना काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

अजून एक, नातेवाईक विचारतात की माणगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तर बॅटरी संपणार नाही का. उलट आहे. उभ्या गाडीत गारव्याचा एसी तासाला एखाद-दोन युनिट खातो, बस. खरी खाते ती स्पीड, ८० च्या जागी १०० ने गेलं की हवेचा रोध दीडपटीच्या वर जातो आणि रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाईल ते अंतर, डोळ्यांदेखत उतरते. पुण्याकडे जाताना बोरघाट चढायला सपाट रस्त्यापेक्षा अंदाजे तीन युनिट जास्त लागतात, त्यातले थोडे येताना उतारावर परत मिळतात. हे सगळं घरी बसून काढता येतं. काढता येत नाही ते एकच, की तिथे पोचल्यावर चार्जर बंद असेल का, कारण कोकणात पावसाळ्यात लाईट जाते आणि लाईट गेली की चार्जरही गेला. म्हणून आम्ही पुढच्या चार्जरपर्यंत जाता येईल एवढं चार्ज शिल्लक असतानाच थांबतो, १० टक्क्यांपर्यंत ताणत नाही.

त्यात प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, वॉलेट वेगळं, आधी पैसे भरा मग ओटीपी, आणि नेमकी तिथेच रेंज नाही (मोबाईलची म्हणतोय). टपरीवर चहासाठी स्कॅनर असतो, मग चार्जरवर लावायला काय हरकत आहे?

मागणी फार मोठी नाही. फाट्याच्या आधी एक बोर्ड लावा, त्यावर किलोवॅट, गनची संख्या आणि चालू की बंद. पेट्रोल पंप 'पुढे २ किमी' असे बोर्ड असतातच ना. नवीन स्टेशनच्या उद्घाटनापेक्षा असलेली नीट चालवण्यावर कुणी लक्ष दिलं तर जास्त बरं होईल.

आणि एक विनंती तुम्हालाही. गणपती आले की कोकण रेल्वेच्या जादा गाड्यांचं टाइमटेबल तुम्ही छापता, लोक कात्रण काढून ठेवतात. तसाच एक चौकोन पळस्पे ते सावंतवाडी चार्जरचा छापा, कुठला किती किलोवॅटचा, गन किती, आणि आदल्या दिवशी तुमच्या माणसाने फोन केला तेव्हा तो चालू होता का.

– एक ईव्हीवाला, घोडबंदर रोड, ठाणे (प.)