झाकण आणि ऊन

कॅलगरी, १९ जानेवारी

ती. बाबांना आणि आईला सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "उणे वीसमध्ये उघड्यावरच्या टबातलं पाणी उन्हावर तापतं कसं?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आपल्या गच्चीवरच्या सोलर हीटरची टाकी वर आणि नळ्या खाली. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं. इथे तसं केलं तर पहिल्याच थंडीत पाणी गोठून पाइप फुटेल. म्हणून नळ्यांकडच्या पाइपांतून निम्मं पाणी आणि निम्मं प्रॉपिलीन ग्लायकॉल फिरवतात. ते उणे तीसलाही गोठत नाही. हे मिश्रण टबात जातच नाही. मध्ये टायटॅनियमच्या पातळ पत्र्यांचा एक डबा आहे. पत्र्याच्या एका अंगाने मिश्रण, दुसऱ्या अंगाने टबाचं पाणी, आणि फक्त उष्णता पलीकडे जाते. टबात क्लोरीन असतं, त्यात तांबं टिकत नाही. नळ्या टबापेक्षा आठ अंशांनी तापल्या की पंप सुरू होतो.

डिसेंबरअखेर इथे भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेपंधरा अंश वर येतो. त्याच दिवशी सोलापुरात तो ४९ अंशांवर असतो. म्हणून आमच्या नळ्या जवळजवळ उभ्याच आहेत, ७० अंशांत. थंडी कडाक्याची असली तरी इथे आभाळ पुष्कळदा निरभ्र असतं, आणि अंगणातल्या बर्फावरून उलटून येणारं ऊनही नळ्यांना लागतं. नळ्या दुहेरी काचेच्या, मधली हवा काढून घेतलेली; म्हणून बाहेरची काच मात्र गारच राहते, त्यामुळे तिच्यावरचा बर्फ वितळत नाही. रोज सकाळी मऊ झाडूने तो झटकते.

गेल्या हिवाळ्यात एवढं सगळं करूनही पाणी कोमटच राहायचं. टब १२०० लिटरचा. एक अंश वाढवायला १.४ युनिट लागतात, आणि रात्रीत सहा अंश उतरायचे. आणखी नळ्या घ्याव्यात असं आमचं जवळजवळ ठरलं होतं. एका सकाळी झाकणावर चार बोटं बर्फ साचला होता. सगळं पांढरंशुभ्र, फक्त मधल्या घडीवर एक काळी ओली पट्टी. तिथे हात धरला तर बोटांना वाफ लागली. घडीची शिवण उसवली होती आणि आतला फोम पाणी पिऊन इतका जड झाला होता की झाकण उचलायला दोघं लागायचे. तुम्ही बंबाशी बसून म्हणायचात ना, "आधी झाकण लाव, मग ढलपी घाल," तेच डोळ्यांसमोर आलं. उघड्या पाण्यातली बरीचशी उष्णता वाफेबरोबरच जाते. नवं झाकण घेतलं, पाण्यावर तरंगणारा प्लास्टिकचा एक जाड कागदही अंथरला. आता रात्रीत दोनच अंश उतरतात.

सलग तीन-चार दिवस आभाळ भरून आलं तर विजेचा हीटर लावावाच लागतो. पण ऊन पडलेल्या दिवशी संध्याकाळी काटा ३९ वर असतो, आणि तो पाहून मला फार समाधान वाटतं.

आई, तू आलीस की गुडघ्यांना खूप बरं वाटेल. फक्त तेल लावून टबात उतरायचं नाही, गाळणी तुंबते. तेल लावून अंघोळ घरात, टब दुसऱ्या दिवशी.

बाबा, गच्चीवरचं पाणी आधीसारखं तापत नाही म्हणालात. बोअरच्या पाण्याचा क्षार नळ्यांत साचला असेल. प्लंबरला बोलवून टाकी आणि नळ्या धुवून घ्या, तुम्ही शिडीवर चढू नका.

तुमची,
मनू