कील बोल्ट : ‘गंजत नाही’ हे विधान दुरुस्त करावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील शिडाच्या नौकांवरील लेखात ‘कील बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असल्याने गंजत नाहीत’ असे म्हटले आहे. मुंबईतील नौका-दुरुस्तीच्या एका यार्डात मी अनेक वर्षे फिटर होतो, आणि आमच्या भुसावळ परिसरातील आयटीआय झालेली काही मुले आजही तशा कामाला जातात. त्यांनी हे वाक्य खरे मानू नये, म्हणून लिहीत आहे.

कील म्हणजे नौकेच्या तळाखालचे शिशाचे किंवा बिडाचे वजन. वाऱ्याने नौका कलली तरी ती उलटू नये, हे त्याचे काम. आणि ते वजन तळाशी जखडून ठेवतात हे बोल्ट. स्टेनलेस स्टीलला जपणारा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर टिकण्यासाठी प्राणवायू लागतो. तळ आणि कील यांच्या सांध्यात झिरपलेले खारे पाणी तिथेच कोंडते, त्यातला प्राणवायू संपतो आणि बोल्ट नेमका तिथेच, कोणाच्या नजरेस न पडता, कुरतडला जातो. यावल-रावेरच्या केळीबागेतील पंपाचा लोखंडी बोल्ट वरूनच तांबडा पडून सावध करतो, याचे तसे नाही. वर नट लखलखत असलेला एक बोल्ट आम्ही उपसला, तेव्हा तो मधोमध पेन्सिलीएवढाच उरला होता.

म्हणून नौका क्रेनला टांगलेली असतानाच, सांध्याच्या पुढच्या टोकाला फट पडते का, पाणी पाझरते का, तांबडे ओघळ आहेत का, हे पाहावे. नट आवळून पाहणे म्हणजे तपासणी नव्हे. ठरलेल्या मापापेक्षा अधिक आवळल्यास फायबरचा तळच चिरडतो. बिडाच्या कीलमधला एखादा बोल्ट बहुधा काढून पाहता येतो. शिशात ओतून बसवलेला सहजी निघत नाही. तिथे अल्ट्रासोनिक चाचणीचा आधार घ्यावा लागतो.

नौका खडकावर आपटली असेल, तर आतील सांगाड्याची तपासणी टाळूच नये. मे २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये ‘चीकी राफिकी’ या नौकेची कील निखळली आणि चारही खलाशी गेले; जीवरक्षक तराफा उलटलेल्या नौकेतच होता. पूर्वी तळ आपटल्याने व त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे जोड कमकुवत झाला असावा, असे ब्रिटिश चौकशी अहवालात नमूद आहे.

सदर विधानाची दुरुस्ती पुढील पुरवणीत ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त फिटर, भुसावळ