पॅच लावला, पण चालू आहे ते जुनेच

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

सायबर फसवणुकीच्या बातमीखाली ‘सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत ठेवा’ हा सल्ला हमखास असतो. तो बरोबर आहे, पण अपुरा आहे. सर्व्हर सांभाळण्यात पंचवीसेक वर्षे गेल्यामुळे त्याच्या राहून गेलेल्या भागाविषयी लिहीत आहे.

गेल्या वर्षी शहराच्या मध्यवस्तीतील एका पतसंस्थेची संगणक यंत्रणा पाहण्याचा योग आला. देखभालीचा वार्षिक करार होता, दरमहा पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधील दोषांची दुरुस्ती, लावल्याच्या नोंदी सही-शिक्क्यानिशी होत्या. मात्र सर्व्हर चारशेहून अधिक दिवस एकदाही रीस्टार्ट झालेला नव्हता आणि हे मला मोठ्या कौतुकाने सांगण्यात आले! लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये लायब्ररीची (अनेक प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडची) नवी फाइल डिस्कवर आली, तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत जुनीच प्रत वापरत राहतो, आणि कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, बाबतीतही, चालू स्थितीतच पॅच लावण्याची खास सोय केलेली नसेल, तर रीबूटला पर्याय नसतो. त्यामुळे तेथे कागदोपत्री सगळे दुरुस्त होते आणि प्रत्यक्षात वर्षापूर्वीचे दोष तसेच चालू होते.

रीस्टार्ट हे त्यातल्या त्यात सोपे काम. काही प्रोग्रॅम कंपाइल करतानाच, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालवण्याजोगी फाइल बांधतानाच, लायब्ररीचा कोड त्यांच्या पोटात घातला जातो. अशा वेळी सिस्टिममधली लायब्ररी कितीही वेळा बदलली तरी त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही, ते नव्या कोडसह पुन्हा बांधावेच लागतात. मार्च २००२ मध्ये झेडलिब या डेटा आकुंचित करणाऱ्या लायब्ररीत दोष सापडला, तेव्हा तिची प्रत पोटात बाळगणारे प्रोग्रॅम कोणते, हे शोधण्यातच अनेकांची दमछाक झाली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतील दोषाच्या वेळी तोच प्रकार जावा भाषेतल्या प्रोग्रॅमांमध्ये घडला. गो भाषेतले आजचे प्रोग्रॅमही बहुधा याच पद्धतीने बांधले जातात, त्यामुळे हा प्रश्न जुना झाला असे समजण्याचे कारण नाही.

एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या ‘हार्टब्लीड’ या दोषाने तर याच्याही पुढचे काम लावले. इंटरनेटवरील संवाद सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीची १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती बसवून सेवा पुन्हा सुरू केल्या, तरी सर्व्हरच्या मेमरीतून हा संवाद उलगडणाऱ्या गुप्त किल्ल्या आधीच बाहेर गेलेल्या असण्याची शक्यता होती. म्हणून नव्या किल्ल्या तयार करून सर्व्हरची ओळख पटवणारी जुनी प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. किल्लीचा ठसा चोराच्या हाती लागल्यावर नुसते दाराचे बिजागर बदलून भागत नाही.

पुण्यातल्या पतसंस्था, रुग्णालये, शिक्षणसंस्था यांच्या देखभाल करारांत मात्र ‘अपडेट करणे’ एवढेच लिहिलेले आढळते. कोणत्या सेवा रीस्टार्ट केल्या, कोणते प्रोग्रॅम पुन्हा बांधले आणि त्यानंतर चालू प्रक्रिया कोणती आवृत्ती वापरत आहेत, याची नोंद ठेवण्याचे कलम त्यांत हवे. लेखापरीक्षकांनीही पॅचच्या यादीबरोबर हीच नोंद मागावी. यासाठी महिन्यातला एखादा रविवार यंत्रणा दोन तास बंद ठेवावी लागेल. वर उल्लेखिलेल्या पतसंस्थेला मी हेच सुचवले होते. ‘ग्राहक तक्रार करतील’ म्हणून ते नाकारले गेले. खरे तर रविवारी तिची शाखा बंदच असते.

आपला,
एक निवृत्त संगणक व्यवस्थापक
कोथरूड, पुणे