लालबागच्या मेस्त्रीकाकांना

आदरणीय मेस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

माझ्या गाडीच्या एसीचा बिघाड तुम्ही शोधून दिलात, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि आभार मानायला आले तर "होय होय, जा आता, वडील वाट बघत आसतले" म्हणून मला वाटेला लावलंत. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांना वाचता येईल असं. तुमचा भाचा मोबाइलवर वाचून दाखवेल.

बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, परळला. आम्ही राहतो कुर्ला पश्चिमेला. ऑगस्ट २०२४ मध्ये सायन स्टेशनजवळचा रेल्वेवरचा पूल वाहतुकीला बंद झाला, तेव्हापासून धारावीच्या बाजूने वळसा पडू लागला आणि गाडी धावायची कमी, उभी राहायची जास्त. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं. मे महिन्याच्या घामात घसा कोरडा पडलेला, आणि दिवसभराचं पाणी त्या एका बाटलीत. बाबा झाकण उघडायचे, बाटलीकडे बघायचे आणि न पिताच पुन्हा बंद करायचे. शेजारी बसून गाडी चालवणाऱ्या मला ते बघवत नसे.

त्यात गाडीचा एसी सारखा बिघडायचा, आणि शोरूमच्या वर्कशॉपमध्ये दर वेळी एकच प्रकार. सकाळी गाडी द्यायची, संध्याकाळी फोन यायचा, "मॅडम, गॅस कमी होता, भरलाय." व्हेंटमध्ये थर्मामीटर खोचून गारवा दाखवायचे आणि जॉब कार्डवर 'ओके' लिहून मोकळे व्हायचे. महिना-दीड महिना बरा जायचा, मग सिग्नलला उभं राहिलं की गरम हवा, कॉम्प्रेसर टकटक करत चालू-बंद. मध्ये एकदा पुढची जाळी, म्हणजे कंडेन्सर, बदलून झाला. तरीही तेच. गाडी वॉरंटीत असल्यामुळे पैसे फारसे गेले नाहीत, पण "मुंबईची हवा दमट आहे, एवढं चालायचंच" हे सर्व्हिस ॲडव्हायझरचं वाक्य मला अजून झोंबतं. एसी बनवणाऱ्याला दमट हवा माहीत नसते का?

डायलिसिसचे चार तास हातात असतात. त्यातल्याच एका दुपारी तुमच्या गॅरेजसमोर गाडी थांबवली आणि म्हटलं, गॅस भरून द्या. तुम्ही गॅस भरला असता तर मी पैसे देऊन गेले असते. तुम्ही आधी सगळी जॉब कार्डं मागितलीत. चष्मा कपाळावर चढवून एकेक कागद वाचलात आणि म्हणालात, "गॅस काय पेट्रोल आसा, जळान संपाक?" तोवर हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. एसीचा गॅस बंद नळ्यांत गोल फिरत राहतो, तो खर्च होत नाही. महिन्याभरात कमी झाला तर कुठूनतरी बाहेर पडतोच आहे. भोक न बुजवता भरलेला प्रत्येक गॅस हवेत जाणार. तुम्ही हेही सांगितलंत की हा एसीचा गॅस, आर-१३४ए, तापमानवाढीच्या बाबतीत वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त घातक. तो नुसता हवेत सोडणाऱ्यांवर तुम्ही किती चिडता, तेही त्या दिवशी कळलं.

एका जॉब कार्डात 'डाय टाकली' असं लिहिलेलं होतं, म्हणजे गळती दिसावी म्हणून गॅससोबत सोडलेला, निळसर उजेडात चमकणारा रंग. वर्कशॉपवाल्यांनी बॉनेट उघडून नळ्यांचे जोड तपासले असतील, पण तुम्ही फरशीवर पुठ्ठा अंथरून सरळ गाडीखाली गेलात. पिवळा गॉगल लावलात आणि डॅशबोर्डच्या मागून एसीचं पाणी जिथून ठिबकतं त्या रबरी नळीवर निळसर टॉर्च मारलात. मग मला वाकून बघायला लावलंत. नळीच्या तोंडाशी पोपटी रंगाचा चकचकीत थेंब लोंबत होता. लीक डिटेक्टरचं टोक तिथे नेलं तर तो ओरडायलाच लागला. गळती बॉनेटमध्ये नव्हतीच, ती आत कूलिंग कॉइलमध्ये होती. तिथे बारा महिने ओल असते, त्या ओलीला धूळ-पाला चिकटून राहतो आणि ॲल्युमिनियमला बारीक भोकं पडतात.

कॉइल बदलायची म्हणजे डॅशबोर्ड उतरवायचा, मोठं काम, चांगले पैसे. तुम्ही ते हातात घेतलं नाहीत. "मी पॅनेल खोललंय म्हटल्यार कंपनीवाले हात वर करतले. वॉरंटी आसा, त्यांच्याकडसूनच करून घे गो." आणि माझ्याच जॉब कार्डाच्या मागे लिहून दिलंत: बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम गॅस लिहिलाय तो बघ, मशीनने काढल्यावर किती निघाला तो आकडा लेखी माग, नायट्रोजन भरून प्रेशर टिकतं का ते समोर बसून बघ, कॉइल बदलली की जोडांवरच्या रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंगही नव्या, आणि गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा-ओल ओढून काढायचा व्हॅक्यूम पूर्ण वेळ.

हा कागद काउंटरवर ठेवला तेव्हा ॲडव्हायझरचा सूर बदलला, मॅनेजर बाहेर आले. स्टिकरवर ४५० ग्रॅम होता, मशीनने काढला तो त्याच्या निम्मासुद्धा भरला नाही. नायट्रोजनचा काटा माझ्यादेखत खाली उतरला. तिथल्या एका तरुण टेक्निशियनने मला हळूच सांगितलं की त्याला कॉइलचाच संशय होता, पण डॅशबोर्ड उतरवायला परवानगी मिळत नव्हती. त्या मुलाचेही आभार, पुढचं सगळं काम त्यानेच मन लावून केलं. कॉइल वॉरंटीत बदलून मिळाली. दर वेळची तक्रार तारखेसकट कागदावर होती, म्हणून कुणाला नाही म्हणता आलं नाही. ते कागद जपून ठेव, हेही तुम्हीच बजावलं होतंत.

आता कॉम्प्रेसर सलग चालतो. परवा सायनला बराच वेळ अडकलो होतो, बाबा चक्क झोपले. परळला पोहोचले तेव्हा बाटलीत सकाळचं पाणी जवळजवळ तसंच होतं. सिस्टरने वजन घेतलं आणि म्हणाली, आज पाणी कमी चढलंय.

काका, गाडीची वॉरंटी दिवाळीत संपते. त्यानंतर एसीचं, बाकीचंही, सगळं काम तुमच्याकडे. भाच्याला सांगून ठेवलंय की त्या वेळी बिल पूर्ण लावायचं, आणि या वेळच्या तपासणीचे पैसेही त्यात धरायचे. तुम्ही नाही म्हणालात तर बाबा स्वतः येणार आहेत भांडायला.

आपली,
कुर्ल्याची चेडू