रिकाम्या जेटचं इंधन कोण मोजणार?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झालं आणि 25 डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. खासगी जेटसाठीही तिथे स्वतंत्र टर्मिनल आणि पार्किंग होणार, असं वाचलं आणि हे पत्र लिहायला बसलो. विमान देखभाल अभियंता म्हणून मी एकतीस वर्षं काम केलं. त्यातली शेवटची एकोणीस वर्षं बिझनेस जेटवर गेली. ज्यांना विमानात बसायचं असतं त्यांना विमान दाराशी आल्यावर दिसतं. आम्हाला ते बाकीचा सगळा वेळ दिसतं. त्या बाकीच्या वेळेबद्दलच मला बोलायचं आहे.

आधी एक सांगतो, मी या धंद्याच्या विरोधात नाही. त्याच्याच पगारावर माझं घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं. एका रात्री विदर्भातून भाजलेल्या मुलाला मुंबईत आणायचं होतं, तेव्हा आम्ही चौघांनी दीड तासात केबिनमधल्या खुर्च्या काढून स्ट्रेचर बसवला होता. ते मूल पहाटे रुग्णालयात पोहोचलं. अशा उड्डाणाला एक थेंबही कमी पडू नये. म्हणूनच बाकीचं इंधन ज्या रीतीने जातं ते पाहून वाईट वाटायचं, आणि नोकरीत असताना ते बोलायची सोय नव्हती.

मे महिन्यातली एक दुपार. मालक साडेबाराला निघणार म्हणून सव्वाअकरालाच आम्ही विमान एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, तयार ठेवलं होतं. बाहेर एवढं ऊन की विमानाच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. केबिन गार राहावी म्हणून एपीयू सुरू. एपीयू म्हणजे शेपटीत बसवलेलं छोटं जेट इंजिनच. विमान उभं असताना वीज आणि एसीला लागणारी हवा तेच पुरवतं. त्याच्या धुराड्यामागची हवा थरथरत होती आणि तिच्या पलीकडची भिंत पाण्याच्या तळाशी असल्यासारखी हलताना दिसत होती. लोडरची दोन पोरं पंखाच्या सावलीत बसली होती, सावली सरकेल तशी तीही सरकत होती. साडेबाराचे दोन वाजले, दोनाचे साडेतीन. पावणेचारला फोन आला, आज जाणं रद्द.

साडेचार तास. त्या मोठ्या केबिनच्या विमानाचं एपीयू तासाला शंभर किलोच्या आसपास इंधन जाळायचं. म्हणजे साधारण साडेचारशे किलो. जेट इंधन एक किलो जळलं की 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो, म्हणून वजन वाढतं. त्या दुपारी चौदाशे किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत गेला आणि विमान जागेवरून फूटभरही हललं नव्हतं. एपीयूचे तास लॉगबुकात नोंदवावे लागतात. ते मीच नोंदवले आणि खाली सही केली.

तीस पावलांवर जीपीयूची, म्हणजे उभ्या विमानाला बाहेरून वीज देणाऱ्या जनरेटरची, ट्रॉली उभी होती. तिची वायर लावली असती तर दिवे आणि उपकरणं चालली असती. पण केबिन गार ठेवायला गार हवेची वेगळी गाडी लागते, ती त्या एप्रनवर नव्हतीच. शिवाय ट्रॉलीही डिझेलवरची. कॅप्टनला मी विचारलं, ‘‘सर, निदान तासभर बंद करू या का?’’ ते म्हणाले, ‘‘साहेब पाच मिनिटांत आले आणि केबिन तापलेली मिळाली तर उत्तर मला द्यावं लागेल.’’ त्यांचंही खरं होतं. पायलटने स्वतःच्या नोकरीवर उदार होऊन एपीयू बंद करावं, ही अपेक्षा चुकीची आहे. हे काम नियमाने व्हायला हवं. झ्युरिकसारख्या विमानतळांवर एपीयू कधी आणि किती वेळ चालवायचं यावर बंधन आहे. तिथे मालक पायलटला बोल लावत नाही, कारण नियम सगळ्यांनाच माहीत असतो.

आता रिकाम्या उड्डाणांकडे येतो. मला वही ठेवायची सवय होती. एका वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या आठवड्यातल्या नोंदी जशा आहेत तशा देतो. सोमवार : मुंबई ते दिल्ली, चार माणसं. रात्री दिल्लीत पार्किंग नाही म्हणून विमान रिकामं जयपूरला. मंगळवार : जयपूरहून रिकामं दिल्लीला, तिथून दोन माणसं घेऊन मुंबई. मुंबईतही रात्री जागा नाही, म्हणून रिकामं अहमदाबादला. बुधवारी विमान तिथेच उभं. गुरुवार : पहाटे अहमदाबादहून रिकामं मुंबईला, मग एक माणूस घेऊन पुणे, त्याला उतरवून रिकामं परत मुंबई. चार दिवसांत आठ उड्डाणं, त्यातली पाच रिकामी. एकूण प्रवासी सात.

या आठवड्यात कुणी काही चुकीचं केलं नव्हतं. कागदपत्रं चोख, परवानग्या होत्या, देखभाल वेळेवर. विमानाला रात्री उभं राहायला जागा नव्हती, एवढंच कारण. मुंबई ते अहमदाबाद आणि परत, एवढ्या रिकाम्या फेरीला त्या विमानाचं साधारण दोन टन इंधन जायचं, म्हणजे सहा टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. माझ्या स्कूटरला वर्षाला दोनशे लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. तेवढा धूर करायला तिला तेरा वर्षांहून जास्त काळ लागेल. केवळ पार्किंग नाही म्हणून एका फेरीत तो झाला.

पुण्याच्या उड्डाणाबद्दलही लिहायलाच हवं. विमान सगळ्यात जास्त इंधन चढताना पितं. चाळीस हजार फुटांवर विरळ हवेत गेल्यावर ते काटकसरीने उडतं, त्याची रचनाच तशी असते. मुंबई-पुणे अंतरात तेवढी उंची गाठायला वावच नाही. चढणं संपतं तिथेच उतरणं सुरू होतं. डेक्कन क्वीन 1930 पासून हे अंतर कापते आहे, द्रुतगती मार्गही आहे. आणि हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने जगभरातल्या खासगी विमानांची उड्डाणं तपासली. त्यातली 47 टक्क्यांहून जास्त उड्डाणं 500 किलोमीटरपेक्षा कमी अंतराची होती. 2019 ते 2023 या काळात या विमानांचं उत्सर्जन 46 टक्क्यांनी वाढलं आणि 2023 या एका वर्षात ते किमान 156 लाख टन होतं. नांदेड, जळगाव, कोल्हापूर अशा ठिकाणी जायचंच असेल तर टर्बोप्रॉप, म्हणजे बाहेर फिरणारा पंखा असलेलं विमान दहा-पंधरा मिनिटं जास्त घेतं आणि जेटपेक्षा पुष्कळ कमी इंधनात पोहोचवतं. छोट्या धावपट्टीवरही ते बिनघोर उतरतं. पण पंखा दिसला की आपल्या लोकांना ते विमान जुनं वाटतं, हे मी कित्येकदा ऐकलं आहे.

अजून एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते, ती म्हणजे टँकरिंग. विमानाचं इंधन जीएसटीत नाही. त्यावर प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. महाराष्ट्राने 2023 च्या अर्थसंकल्पात बृहन्मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो 25 वरून 18 टक्क्यांवर आणला, तरी काही राज्यांत तो याहून फार कमी आहे. मग पायलट स्वस्त राज्यातून टाक्या भरून घेऊन येतो. जास्तीचं इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन लागतं. आमचा ठोकताळा असा की जास्तीच्या वजनाच्या तीन-चार टक्के इंधन दर तासाला ते वजन वाहण्यातच जातं. हजार किलो जास्त भरून दोन तास उडालात, तर साठ ते ऐंशी किलो नुसतं वाहतुकीत गेलं. पैसे वाचतात म्हणून हे चालतं. करात एकसारखेपणा आला तर हा प्रकार दुसऱ्या दिवशी थांबेल, त्याला कुठलंही नवं तंत्रज्ञान लागत नाही.

मग नियम काय करतात? विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय उत्सर्जनाचा हिशेब ठेवणारी कॉर्सिया नावाची जागतिक योजना आहे, भारतासाठी ती 2027 पासून बंधनकारक होते आहे. पण वर्षाला 10,000 टनांपेक्षा कमी आंतरराष्ट्रीय उत्सर्जन करणारे तिच्या बाहेर राहतात. एक मोठं जेट वर्षभर भरपूर उडवलं तरी ते दीड-दोन हजार टनांपर्यंतच पोहोचतं. म्हणजे एक-दोन विमानं बाळगणारे जवळपास सगळेच सुटले. खासगी जेट उद्योगाच्या जागतिक संघटनांनी 2009 मध्ये उत्सर्जन घटवण्याचं वचन दिलं होतं, 2021 मध्ये ते वाढवून 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं केलं. ते वचन मनापासून दिलंय असंच मी धरून चालतो. पण जो हिशेबाच्या वहीतच नाही, त्याने वचन पाळलं की मोडलं हे कुणाला कसं कळणार?

शाश्वत इंधनाचं, म्हणजे एसएएफचं म्हणाल तर त्याबद्दल मला खरोखर आशा वाटते. ते नेहमीच्या इंधनात निम्म्यापर्यंत मिसळलं तरी इंजिनात काहीही बदलावं लागत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये गल्फस्ट्रीमचं जी-600 हे बिझनेस जेट नुसत्या एसएएफवर अटलांटिक ओलांडून गेलं. त्याच वर्षी 19 मे रोजी पुण्याहून दिल्लीला एअर एशिया इंडियाचं प्रवासी विमान देशी एसएएफचं मिश्रण घालून उडालं, ते इंधन पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजचं होतं. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी 2027 ला 1 टक्का, 2028 ला 2 आणि 2030 ला 5 टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं आहे. हे इंधन नेहमीच्या इंधनाच्या दुपटीहून महाग पडतं. तिकिटासाठी पै-पै जमवणाऱ्या प्रवाशावर त्याचा भार टाकण्याआधी ज्याचं स्वतःचं विमान आहे त्याने तो उचलावा, असं मला वाटतं. त्याला तो जड जाणार नाही आणि त्याच्या मागणीवर कारखाने उभे राहतील.

ते इंधन कशापासून करायचं, यावर मात्र माझा आग्रह आहे. इथेनॉलपासून ते करता येतं म्हणून आणखी ऊस लावू नये. माझं आजोळ लातूर जिल्ह्यातलं, रेल्वेने पाणी आलेलं 2016 साल मी तिथे पाहिलं आहे. त्यापेक्षा आमच्या डोंबिवलीत पाहा. माझी धाकटी बहीण फरसाणचं दुकान चालवते. तळून तळून काळं पडलेलं तेल ती पत्र्याच्या डब्यांत भरून मागच्या दाराशी ठेवते. पूर्वी एक माणूस येऊन ते घेऊन जायचा, कुठे ते विचारलं की हसायचा. ते पुन्हा कुणाच्या तरी कढईत जात असणार, या विचाराने तिने त्याला बंद केलं. आता नोंदणी असलेला गोळा करणारा येतो, वजन करतो, पावती देतो. पानिपतच्या इंडियन ऑइल रिफायनरीला वापरलेल्या खाद्यतेलापासून एसएएफ करण्यासाठीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र ऑगस्ट 2025 मध्ये मिळालं. मुंबई-ठाण्यात वडे, भजी, फरसाण तळणाऱ्या किती कढया रोज रिकाम्या होत असतील! ते तेल गोळा करण्याची नीट व्यवस्था लागली, तर गटारं आणि माणसांची पोटं दोन्ही वाचतील आणि विमानालाही इंधन मिळेल.

नवी मुंबईत खासगी जेटसाठीच्या एप्रनवर प्रत्येक स्टँडला जमिनीतून विजेची जोडणी आणि गार हवेची नळी असावी, आणि ती असताना एपीयू ठरावीक मिनिटांपलीकडे चालवायला बंदी असावी. मुंबईत येणाऱ्या विमानाला रात्रीची जागा इथेच मिळावी, अहमदाबादची वाट धरावी लागू नये. मात्र विमान कुलाबा-वांद्र्याच्या माणसाला मुंबईच्या जुन्या विमानतळावर सोडून पुन्हा खाडीपलीकडे पार्किंगसाठी रिकामं उडणार असेल तर सगळं मुसळ केरात, म्हणून प्रवासी जिथे उतरेल तिथेच विमान राहील अशा बेताने वेळा द्याव्यात. आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रत्येक खासगी विमानाची रिकामी उड्डाणं आणि इंधन दर वर्षी जाहीर करावं. या नोंदी लॉगबुकात आधीपासून असतातच, नवीन काही लिहावं लागणार नाही.

विजेच्या जोडणीची घाई एवढ्यासाठी की केबल आणि नळ्यांची वाट एप्रनचं काँक्रीट पडण्याआधी ठेवावी लागते. एका विमानतळावर ती राहून गेली होती. नंतर आम्ही सात वर्षं पत्रं लिहिली, पण चालू एप्रन खोदायला कुणी तयार झालं नाही. मी निवृत्त झालो त्या दिवशीही तिथे डिझेलचीच ट्रॉली उभी होती.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
डोंबिवली (पूर्व)