सूचना : दहावी गणित – गुण कमी वाटत असतील तर

पालकहो, निकालानंतर ग्रुपवर ‘गणितात गुण कापले’ हा एकच सूर आहे. राग समजतो, पण बोर्डाकडे अर्ज करण्यापूर्वी हे वाचा.

गुणपडताळणीत पेपर पुन्हा तपासत नाहीत. एखादे उत्तर तपासायचे राहिले का, बेरीज बरोबर आहे का, एवढेच पाहतात. पुरवणीवरची भूमितीची रचना नजरेतून सुटली असेल, तर ती इथे सापडते. ‘पायऱ्यांचे गुण दिले नाहीत’ ही तक्रार मात्र पुनर्मूल्यांकनाची, आणि त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावीच लागते. प्रत हाती आल्यापासून पाच कार्यालयीन दिवसांत अर्ज करायचा असतो, म्हणून ती लगेच विषयशिक्षकांना दाखवा. घरी पेन्सिल घेऊन आपणच परीक्षक होण्यात अर्थ नाही.

बीजगणित ४० आणि भूमिती ४० गुणांचे, दोन वेगळे पेपर. नेमके कुठे खटकते ते मुलांनाच विचारा. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण शाळा देते, ते उत्तरपत्रिकेत नसतात.

अर्ज ऑनलाइन भरायचे आहेत. मुदत आणि शुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पाहा, फॉरवर्ड आलेल्या तारखांवर विसंबू नका. गुणपत्रिकेचे फोटो ग्रुपवर टाकू नयेत, ही विनंती.

– ग्रुप ॲडमिन