बर्फातली गाडी: आधी टायर, मग ड्राइव्ह

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

आपल्या वाहनविषयक पानावर हिवाळ्यासाठी गाडी कशी निवडावी, यासंबंधीचा लेख वाचला. ‘बर्फ पडत असेल तर फ्रंट-व्हील ड्राइव्हच्या वाटेला जाऊ नये, ऑल-व्हील ड्राइव्हच घ्यावी’ असा त्याचा निर्वाळा आहे. गाडी बर्फातून निघेल का, या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळते. ती थांबेल का, याविषयी मात्र लेखात एक वाक्यही नाही. बर्फाळ प्रदेशात नव्याने राहायला गेलेला वाचक हा सल्ला प्रमाण मानून गाडी घेईल, म्हणून हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले.

ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनाची ताकद चारही चाकांकडे जाते, फ्रंट-व्हील ड्राइव्हमध्ये फक्त पुढच्या दोन चाकांकडे. हा फरक जाणवतो तो ॲक्सिलरेटर दाबल्यावर. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, त्यामुळे वेग कमी करताना ड्राइव्हचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. तिथे रस्त्याला टेकलेल्या चार टायरांची पकड काय ती कामाला येते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर, चालकाच्या प्रतिक्रियेचा वेळ सोडून, साधारण १२-१३ मीटरमध्ये थांबते. घट्ट दबलेल्या बर्फावर घर्षणांक, म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीचे माप, ०.२ धरला, तर तेच अंतर ५० मीटरच्या आसपास जाते आणि गुळगुळीत बर्फावर तो ०.१ इतका उतरला, तर १०० मीटरच्या घरात. या हिशेबात गाडीची कोणती चाके इंजिनाला जोडलेली आहेत, याला कुठेच जागा नाही.

एखादा चढ घेऊन पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. शंभर मीटरला दहा मीटर चढणारा, घट्ट बर्फाने झाकलेला रस्ता आहे असे समजू. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीचे साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असते, म्हणून ०.२ घर्षणांकाने तिला वजनाच्या सुमारे १२ टक्के ओढ मिळते. नुसते चढावर टिकून राहायलाच १० टक्के लागते, शिवाय चढावर वजन मागे सरकून पुढची चाके आणखी हलकी होतात. अशा जागी थांबलेली गाडी पुन्हा हलवताना पुढची चाके जागच्या जागी गरगरतात, खालचा बर्फ घासून काचेसारखा गुळगुळीत करतात आणि मग निघणे अधिकच अवघड होऊन बसते. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला तिथेच २० टक्क्यांपर्यंत ओढ मिळते आणि ती निमूटपणे वर जाते. तिचा हा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण वर गेलेली गाडी त्याच रस्त्याने खालीही यायची असते. उतारावर ताशी ४० किलोमीटर वेगात ब्रेक लावला, तर दोन्ही गाड्यांना थांबायला साठ मीटरांहून अधिक अंतर लागेल, आणि त्यात ऑल-व्हील ड्राइव्हला एका मीटरचीही सूट नाही.

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती इथे. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी निघतानाच किंचित घसरते, डॅशबोर्डवर ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाकांचे गरगरणे रोखणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लुकलुकतो आणि आज रस्ता निसरडा आहे, ही सूचना चालकाला पहिल्या दहा मीटरांत मिळते. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी त्याच रस्त्यावरून इतकी सहज वेग घेते, की रस्त्याची खरी अवस्था कळते ती पहिल्यांदा जोरात ब्रेक दाबावा लागतो तेव्हा. वळणावरही मर्यादा टायरांचीच असते. स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ लागली, तर ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलून पुढच्या टायरांना पुन्हा पकड घेऊ देणे, हाच दोन्ही प्रकारच्या गाड्यांत पहिला उपाय आहे. घाबरून स्टिअरिंग आणखी वळवल्याने काही साधत नाही. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची असलेली इलेक्ट्रॉनिक स्थिरता-यंत्रणा एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून गाडी सावरते खरी, परंतु टायरमध्ये नसलेली पकड तीही निर्माण करू शकत नाही.

म्हणून खर्चाचा पहिला मान हिवाळी टायरांचा आहे. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते; हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला धरतात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असेल, तर तो टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. नुसती ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे अशी हमी देत नाहीत. जर्मनीने तर १ ऑक्टोबर २०२४ पासून केवळ त्या अक्षरांचे टायर हिवाळी म्हणून धरणे बंद केले आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात तिथल्या मोटारींना हिवाळी टायर सक्तीचे आहेत, मग ड्राइव्ह कोणतीही असो. कॅलिफोर्नियाच्या डोंगरी रस्त्यांवर बर्फात चाकांना साखळ्या (चेन) लावण्याची सक्ती पायरीपायरीने वाढते; तिच्या मधल्या पायरीत चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांना चेन लावण्यातून सूट मिळते, पण चारही चाकांना बर्फाचे टायर असतील तरच, आणि तेव्हाही चेन गाडीत बाळगावीच लागते. सूट देणाऱ्या नियमानेही टायरची अट सोडलेली नाही, हे मला बोलके वाटते.

हे टायर चारही चाकांना हवेत. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीत पैसे वाचवण्यासाठी फक्त पुढे दोन बसवले, तर ब्रेक लावताना किंवा वळताना पकड नसलेला मागचा भाग बाहेर फेकला जातो. ऑल-व्हील ड्राइव्हला तर चारही टायरांची झीज सारखी ठेवणे भाग असते, कारण परिघात फरक पडला की पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या क्लचवर वा डिफरन्शिअलवर (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी यंत्रणेवर) सतत ताण येतो. एक टायर निकामी झाला म्हणून कधी कधी चारही बदलण्याची वेळ येते, त्याचा उल्लेख खरेदीच्या वेळी क्वचितच होतो. वाढीव वजन आणि इंधन यांचा खर्च वेगळाच.

फ्रंट-व्हील ड्राइव्ह बर्फात लंगडी पडते, या समजुतीला इतिहासाचाही आधार नाही. आल्प्समधील बर्फाळ घाटांतून जाणारी मॉन्टे कार्लो रॅली १९६२ आणि १९६३ साली साब या स्वीडिश गाडीने, तर १९६४, १९६५ आणि १९६७ साली मिनी कूपरने जिंकली, आणि या दोन्ही फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्या होत्या. १९८० साली आलेल्या ऑडी क्वाट्रोने पुढे रॅलीचे चित्र पालटले, ते मुख्यतः वळणातून बाहेर पडताना वेग घेण्याच्या ताकदीवर. शर्यतीत तेथील सेकंद मोलाचे असतात. कामावर जाणाऱ्या माणसाला त्यांची गरज नसते.

माझे मत विचाराल तर ज्याचा रस्ता नियमित साफ होतो आणि फारसा चढाचा नाही, त्याने चांगली फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी घेऊन वाचलेल्या पैशांतून हिवाळी टायर घ्यावेत. ज्याचे घर तीव्र चढावर आहे, किंवा ज्याला बर्फ काढणारे यंत्र येण्यापूर्वी पहाटेच निघावे लागते, अशा डॉक्टर, परिचारिका वा दूधवाल्याने ऑल-व्हील ड्राइव्ह जरूर घ्यावी, मात्र हिवाळी टायरांसकट, आणि पुरेसा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचे पोट आणि रस्ता यांतील अंतर, पाहून. कारण खोल बर्फावर गाडीचे पोट टेकले की चारही चाके फिरूनही गाडी जागची हलत नाही.

आपल्या पानावर पुढे जेव्हा हिवाळ्यातील गाड्यांची परीक्षणे येतील, तेव्हा गाडी कोणत्या टायरांवर चालवून पाहिली आणि बर्फावर ती किती मीटरमध्ये थांबली, या दोन गोष्टी प्रत्येक परीक्षणात आवर्जून छापाव्यात, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक